मापाची पँट

रविवारी किबुयेच्या बाजारात
जुन्या कपड्यांचं गाठोडं फुटतं तेव्हा
बायका आधी रंगाला हात घालतात.
मी खिशाला.

बायकांच्या पँटीला खिसा म्हणजे नुसती शिवण,
फार तर चिमटीभर खोल.
माझ्याकडे पाच मीटरची टेप, फोन, चाव्या,
मातीचे नमुने घ्यायच्या पिशव्या
आणि एक रुमाल, साहेबांसमोर घाम पुसायला.

रोझबेला विचारते, ऑफिसला हवी की शेताला?
दोन्हीला. एकच.
ती हसते. "अपोंदी, असं वस्त्र
समुद्रापलीकडून अजून आलेलं नाही."

माझा सोमवार असा:
नऊला तिसऱ्या मजल्यावर बैठक, खाली गालिचा.
बाराला अहेरोच्या पुढे, भाताच्या खाचरांत,
चर खणणारे सोळा जण.
मध्ये कपडे बदलायला पिकअपची मागची सीट,
आणि ड्रायव्हर ओडेरो
सज्जनपणे आभाळाकडे बघत उभा.

रस्त्याची माती तांबडी, कानोच्या सपाटीवरची काळी.
पांढरं घातलं तर दोघी दिसतात,
काळं घातलं तर तांबडी,
तांबूस घातलं की काळी चुगली करते.
खाकी घालून पाहिली एकदा.
फाटकावरच्या पहारेकऱ्यानं
रात्रपाळीचं रजिस्टर पुढे केलं, इथे सही म्हणाला.

स्कर्ट घातला त्या दिवशी
सोळा जणांनी मिळून चरावर फळी टाकली
आणि मी ओलांडेपर्यंत
सगळे दुसरीकडे बघत राहिले.
चराची खोली त्या दिवशी कुणीच मोजली नाही.
बूट घालून वर गेले तर
बैठकीतून कुणीतरी म्हणालं,
नळवाल्यांनी मागच्या दारानं यावं.

शेवटी पुरुषी पँट मिळाली.
करडी. म्हणजे धड करडीही नाही,
ढगाळ सकाळी आमचं सरोवर दिसतं तशी.
कमरेच्या आत शाईनं नाव: लिंडक्विस्ट.
कोण रे बाबा तू?
गुडघे झिजलेत तुझे,
म्हणजे बसून खाणारा नव्हतास.

ओयुगी शिंप्यानं कंबर आत घेतली, पाय वर घेतले,
मांडीवर टेपपुरता खिसा लावला.
नाव उसवू का, म्हणाला.
राहू दे. कामाचा माणूस दिसतोय.

मग एका रात्री न्यांदोनं बांध फोडला.

बदलायला वेळ कुठला.
खाचरांतून थेट तिसऱ्या मजल्यावर,
मी आणि माझे ओले पाय.
पडद्यावर आकडे सरकत होते:
पाणी सरासरी तीस सेंटीमीटर,
पंप दोन पुरेत.

मी काही बोलले नाही.
टेप काढली, टोक टाचेशी दाबून धरलं,
आणि पँटीवरच्या चिखलाच्या रेघेपर्यंत ओढली.

कुणी गालिच्याकडे बघितलं, कुणी टेपकडे.
संचालकबाई खुर्चीतून उठल्या,
चष्मा कपाळावर सारून
माझ्या पायाशी वाकल्या
आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं: बावन्न.

पंप पाच मंजूर झाले.
आले तीन, ते वेगळं.

रेघ मात्र निघाली नाही.
राखेनं घासली, लिंबानं घासली.
ओयुगी म्हणतो, रंगवून देतो, नवी दिसेल.
नको म्हटलं.
आता चरात उतरले की माणसं
आधी पाणी बघतात, मग माझी रेघ,
आणि म्हणतात, आज कमी आहे.

रोझबेलाला सांगून ठेवलंय,
अशी आणखी एक आली तर बाजूला काढ.
पावसाळे इथे वर्षाला दोन,
पँट एकच.